बोन स्कॅनमध्ये आईच्या छातीच्या आणि मणक्याच्या हाडांत हॉट स्पॉट आलेत, म्हणजे कॅन्सर पसरलाय का?

नाही, नुसत्या हॉट स्पॉटवरून, म्हणजे स्कॅनमध्ये जास्त चमकणाऱ्या डागांवरून, तसं ठरवता येत नाही. या स्कॅनसाठी टोचलेलं टेक्नेशियम-९९एमचं किरणोत्सर्गी औषध जिथे हाड नव्याने बनतंय तिथे जास्त जमतं, मग कारण गाठ असो, संसर्ग असो वा सूज. मी रेडिओलॉजीत काम करतो; अशा वेळी आम्ही डाग कुठे आणि कसे आहेत ते आधी पाहतो. गळपट्टीची दोन्ही हाडं छातीच्या हाडाला जिथे जोडतात तिथे आणि छातीच्या हाडाच्या वरच्या भागात बैलाच्या डोक्यासारखा आकार उमटला असेल, तर सॅफो सिंड्रोम हा हाडं, सांधे आणि त्वचेचा सुजेचा आजार आधी मनात येतो. या आजारात तळहाता-तळपायांवर पुवाचे फोड येऊ शकतात, म्हणून आईला ते येतात का, हे जरूर विचारा. ही माहिती डॉक्टरांना सांगायची बरेचदा राहून जाते, आणि निदान तिथेच अडतं. मणक्याचा एमआरआय करून घ्या:

- सॅफोची सूज सहसा मणक्याच्या कोपऱ्यांत, दोन मणक्यांमधल्या चकतीलगत, शेजारच्या मणक्यांतही दिसते.
- कॅन्सरचे डाग विखुरलेले असतात, मणक्याच्या मागच्या भागात शिरतात, चकती बहुधा शाबूत राहते.

पेट स्कॅनने हा प्रश्न सुटेलच असं नाही, सुजलेलं हाडही त्यात चमकतं. मात्र आईला आधी स्तनाचा, फुप्फुसाचा किंवा दुसरा कुठला कॅन्सर झाला असेल किंवा चित्र संदिग्ध असेल, तर बायोप्सी टाळू नका. आपल्याकडे मणक्याचा टीबीही त्यातच तपासून घ्यावा.