एस्ट्रिन–बर्लिनर: घोडा दिला, मग काय?

प्रश्न : बुद्धिबळातल्या टू नाइट्स डिफेन्स या सुरुवातीचा फ्रिट्झ प्रकार मी काळ्याकडून टपाली (पत्राने चाली कळवून खेळायच्या) डावात खेळतो. बर्लिनरसारखाच घोडा देतो, पण हल्ला विरतो आणि मोहरा कमी पडून हरतो. नेमकं काय चुकतं?

उत्तर : पाचव्या टपाली विश्वविजेतेपदाच्या स्पर्धेतला (१९६५–६८) एस्ट्रिन (पांढरा) विरुद्ध बर्लिनर (काळा) हा डाव असा सुरू झाला (× म्हणजे मारणे) : १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६ ४. घोडा जी५ डी५ ५. ई×डी५ बी५ ६. उंट एफ१ घोडा डी४ ७. सी३ घोडा×डी५ ८. घोडा ई४ वजीर एच४ ९. घोडा जी३ उंट जी४ १०. एफ३ ई४!

काळ्याचा घोडा आणि उंट दोन्ही माऱ्यात आहेत, तरी तो प्यादं पुढे ढकलतो. ११. सी×डी४ उंट डी६! आता जी४ चा उंट मारला, तर उंट×जी३ शह. एच-प्याद्याने तो उंट घेतला की वजीर एच१ चा हत्ती उचलतो. म्हणून १२. उंट×बी५ शह, राजा डी८ नंतर एस्ट्रिनने कॅसलिंग केलं.

तुमचा हल्ला बहुधा यापुढेच विरतो. शह देत सुटू नका. पांढऱ्याचे ए१, बी१ आणि सी१ वरचे मोहरे घरातच आहेत, तोवर स्वतःचे हत्ती कामाला लावा. बर्लिनरची १८... हत्ती बी६ पाहा (आकड्यानंतरची तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल). धमकी आहे हत्ती एच६ शह. १९. डी३ ने सी१ चा उंट एच६ वर नजर ठेवतो, तर १९... घोडा ई३! ती वाटच बंद करतो. पांढऱ्याला तो घोडा घ्यावाच लागतो.

तरी मात होत नाही. वजिरा-वजिरी होऊन हत्तींचं एंडगेम येतं, आणि माझ्या मते डावातली सर्वात सुंदर चाल तिथेच आहे : ३१... हत्ती सी८! एफ७ चं प्यादं राखायला हत्ती बांधून ठेवायचा नाही. ३२. हत्ती×एफ७ ला सातव्या पट्टीत हत्ती सी७. हत्ती बदलले तर काळ्याचं एच-प्यादं दूरवर मोकळं धावतं. नाही बदलले तर राजा ई५, डी४ करत डी३ चं प्यादं खातो. ४२... बी३ ला एस्ट्रिनने डाव सोडला. म्हणून एकतीस ते बेचाळीस या चालींचाही पट मांडून सराव करा.

प्रश्न : पांढऱ्याला हे टाळता येतं का?

उत्तर : हो. ८. सी×डी४ वजीर×जी५ ९. उंट×बी५ शह, राजा डी८ ही वेगळीच लढाई आहे; तीही तयार ठेवा. बर्लिनरच्या वाटेवर चौदाव्या चालीला हत्ती×एफ३ ऐवजी वजीर बी३ जास्त त्रासदायक. काळ्याकडून एवढी जोखीम नको असेल, तर पाचव्या चालीला बी५ ऐवजी घोडा ए५ खेळा.