त्या पहाटे आधी कोण गेलं?

प्रश्न : आमचं मूळ गाव तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, उमरगा तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात आजोबा, आजी, वडील आणि पाच वर्षांचा भाऊ गेले. मी दीड वर्षाची होते, आईबरोबर सोलापूरला आजोळी होते म्हणून वाचले. विसर्जन बघायचं म्हणून भाऊ मागं राहिला होता. चुलते शेतातल्या आखाड्यावर बैलांजवळ झोपले होते, तेही वाचले. 1996 मध्ये आईनं दुसरं लग्न केलं, मी मामाकडं वाढले. गेल्या 30 सप्टेंबरला आईला आणि माझ्या मुलाला घेऊन पहिल्यांदाच जुन्या गावात गेले. सगळीकडं बाभळी आणि दगडांचे ढीग. आडाच्या खुणेवरून आईनं घराची जागा दाखवली. तिथं चुलतभावानं तारेचं कुंपण घालून कडब्याची गंज लावली आहे. आजोबांनी 1978 मध्ये विकत घेतलेलं साडेचार एकर रान चुलत्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. विचारलं तर म्हणाले, "तुझा बाप आजोबांच्या आधी गेला. आईनं दुसरं घर केलं, स्टॅम्पवर अंगठा दिला, पाच हजार घेतले. तुमचा इथं संबंध काय?" आत्या काहीच बोलत नाही. वडिलांना सोलापूरला दवाखान्यात आणलं होतं असं मामा एकदा म्हणाले होते, पण आई त्यावर बोलत नाही. आमचा काही हक्क उरला आहे का?

उत्तर : ताई, उरला आहे. तुमचा बराच मजबूत आहे. आईचाही आहे, पण तिच्या वाटेत एक काटा आहे, त्याकडे नंतर येतो.

आधी जुन्या घराची जागा. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त ओळी तिच्यावर आहेत, आणि खटल्यात तिला सगळ्यात कमी महत्त्व द्यावं असं माझं मत आहे. भूकंपानंतर 52 गावं दुसऱ्या जागी वसवली गेली. तुमच्या गावचं जुनं गावठाण त्या वेळी शासनाकडे गेलं की मालकांकडेच राहिलं, हे पुनर्वसनाच्या कागदावरूनच कळेल. तहसील कार्यालयातून ते आदेश आणि ग्रामपंचायतीतून घराचा जुना नमुना आठचा उतारा मागवा. जागा शासनाची निघाली, तर तुमच्या चुलतभावाचं कुंपण अतिक्रमण ठरेल आणि गंज त्याला उचलावी लागेल. तुमच्या हाती मात्र त्यातून काही येणार नाही. आईला तिथं जाऊन बसावंसं वाटत असेल तर जरूर बसू दे, त्याला कोणाची परवानगी लागू नये. पण वकिलाची फी त्या दगडांवर खर्च करू नका.

नव्या गावातल्या घराबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण ते असणारच. पुनर्वसनात जमिनीच्या धारणेप्रमाणे 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं दिली गेली. चुलत्यांना घर केवढं मिळालं आणि ते कोणाच्या खात्यावरच्या जमिनीमुळं मिळालं, हे ताबापत्रात किंवा कबाल्यात (घराच्या मालकीच्या कागदात) दिसेल. आजोबांच्या साडेचार एकरांच्या जोरावर मोठं घर मिळालं असेल तर तुमच्या बाजूनं बोलायला एक मुद्दा तयार होतो. दाव्यात ते घर घालाच, पण भिस्त रानावर ठेवा.

आता रान. चुलत्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एकेक घेऊ.

"आईनं दुसरं घर केलं." हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतो आहे, आणि ते म्हणणारा माणूस दर वेळी पूर्ण खात्रीनं म्हणतो. नवरा वारला त्या क्षणी हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 प्रमाणे पत्नी त्याची पहिल्या वर्गाची वारस झाली. हक्क तिच्याकडे आला. तीन वर्षांनी तिनं लग्न केलं म्हणून तो परत जात नाही. 1856 च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्यात तसं होतं, आणि गावाकडच्या बोलण्यात तो कायदा अजून जिवंत आहे. पण 1956 च्या कायद्यानं तो मागं टाकला, आणि 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. आईच्या मनात याबद्दल काही अपराधीपणा असेल, तर हा परिच्छेद तिला वाचून दाखवा.

"तुझा बाप आजोबांच्या आधी गेला." म्हणजे मधली कडी तुटली, नातवंडांचं नातं संपलं, असा त्यांचा समज. कायद्यात तसं नाही. मुलगा बापाआधी गेला तरी त्याची विधवा आणि मुलं त्याच्या जागी उभी राहतात. पण मुळात पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, धाब्याच्या छपराच्या मातीखाली, आधी कोण गेलं हे कोण सांगणार? अशा वेळेसाठी याच कायद्यात कलम 21 आहे. एकाच प्रसंगात दोघं गेले आणि कोण आधी हे ठरवता येत नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत वयानं धाकटा मागाहून गेला असं धरायचं. चौघंही घरातच गेले असं धरलं, तर आधी आजोबा, मग आजी, मग तुमचे वडील, सर्वांत शेवटी तुमचा भाऊ.

हिशोब असा होतो. साडेचार एकर म्हणजे 180 गुंठे. रान आजोबांनी स्वतः विकत घेतलेलं, म्हणून त्यांच्यानंतर आजी, तुमचे वडील, चुलते आणि आत्या या चौघांना प्रत्येकी 45. आजीचे 45 तिच्या तीन लेकरांत पंधरा-पंधरा. म्हणजे वडील 60, चुलते 60, आत्या 60. क्रम कसाही लावा, तुमच्या वडिलांच्या शाखेचे 60 गुंठे हलत नाहीत. (रान खरेदीचं नसून वडिलोपार्जित पैशातून घेतलेलं आहे, असं चुलते पुढे म्हणू शकतात. मग मांडणी बदलेल. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या विनीता शर्मा निकालानंतर मुलीचा जन्मसिद्ध हक्क पक्का आहे, तेव्हा त्यातही तुम्ही बाहेर पडत नाही.)

क्रमानं फरक पडतो तो तुम्हा मायलेकींमध्ये. वडील गेले तेव्हा भाऊ जिवंत धरला, तर 60 चे तीन वाटे : आई 20, तुम्ही 20, भाऊ 20. मग भाऊ गेला, आणि त्याची वारस आई. बहीण खालच्या वर्गात येते. म्हणजे आईचे 40, तुमचे 20. पाच वर्षांच्या पोराला कायद्यानं बापापेक्षा क्षणभर जास्त जगवलं आणि त्याच्या नावावर अर्धा एकर लिहून ठेवला. हे असं कागदावर मांडताना माझाही हात थोडा थांबला.

आता तो काटा, म्हणजे स्टॅम्प. जमिनीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं. साध्या स्टॅम्पवरच्या अंगठ्यानं आईची मालकी जात नाही. तुमचा वाटा तर त्यात नव्हताच. अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालच्या, मुलाची जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय आईलाही देता येत नाही. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. नोंदणी नसलेला कागद मालकीसाठी चालत नसला, तरी ताबा कोणत्या नात्यानं होता हे दाखवायला समोरचा वकील तो पुढं करेल. तो म्हणेल, "1996 पासून चुलते हे रान एकट्याचं म्हणून खातायत आणि हे बाईंना माहीत होतं." तिथं मुदत कायदा आडवा येतो. सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांचा ताबा मानला जातो, नुसत्या फेरफारानं, म्हणजे महसुली दप्तरात नाव बदलल्यानं, हक्क बुडत नाही. पण एकानं दुसऱ्याला उघडपणे नाकारलं आणि ते त्याला कळलं, तर तिथून 12 वर्षांचं घड्याळ सुरू होतं. आईनं 1996 नंतर कधी वाटा मागितला होता का? कोणी मध्यस्थ पाठवला होता का? चुलत्यांनी तेव्हा काय उत्तर दिलं? हे मला, किंवा तुम्ही ज्या वकिलाकडं जाल त्यांना, जसं घडलं तसं सांगा. पक्षकार लपवतात ते नेमकं उलटतपासात बाहेर येतं.

तुमची बाजू वेगळी आहे. कागद झाला तेव्हा तुम्ही चार वर्षांच्या होतात, मामाकडं होतात, आणि नकार तुम्हाला पहिल्यांदा मिळाला तो गेल्या 30 सप्टेंबरला. तुमचं घड्याळ तिथून मोजावं असं आपण म्हणू. म्हणून वाईटात वाईट झालं, आईचा वाटा मुदतीत अडकला, तरी तुमचा सुटा उरतो. प्रश्न एवढाच, की तो 20 गुंठे की जास्त?

आणि म्हणून तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेलं मामांचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

त्या वर्षी मी सोलापूर कोर्टात नवा होतो. पहाटे आमच्या घरची फळीवरची भांडी खाली आली, आणि दिवस उजाडल्यावर जखमींच्या गाड्या येऊ लागल्या. जीप, टेम्पो, एसटी, मिळेल त्यातून. सिव्हिलच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. तुमचे वडील त्या गाड्यांपैकी एकीत असतील आणि दोन-तीन दिवसांनी इथं गेले असतील, तर कलम 21 ची गरजच उरत नाही. ते कलम न कळणाऱ्या गोष्टीसाठी आहे, इथं तर कागद बोलेल. भाऊ त्या पहाटे गेला, वडील नंतर, म्हणजे भावाकडं काही आलंच नाही. मग 60 चे दोनच वाटे : आई 30, तुम्ही 30. तुमचे दहा गुंठे वाढतात, आणि तेही स्टॅम्पच्या वादाबाहेरचे. शिवाय "बाप आजोबांच्या आधी गेला" हे चुलत्यांचं म्हणणं एका दाखल्यात निकाली निघतं.

मृत्यूची नोंद मृत्यू जिथं झाला तिथं होते. म्हणून वडिलांची नोंद गावात सापडली नाही तर घाबरू नका, ती सोलापूर महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात असायला हवी. कुठंच नसेल तर उशिराच्या नोंदीची वाट आहे. 2023 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. आजोबा, आजी आणि भाऊ यांच्यासाठी ग्रामपंचायतीची नोंद आणि तहसीलमधली मृतांची, सानुग्रह मदतीची यादी मागा. मदत कोणी उचलली तेही त्यात दिसेल. त्या पैशाच्या मागं आता लागू नका, पण वारस म्हणून कोणाची नावं लिहिली होती ते पाहा. तिथं आईचं किंवा तुमचं नाव असेल, तर रान एकट्याच्या नावावर करताना फेरफारात बाकीचे वारस कसे गळले, हे चुलत्यांना सांगावं लागेल. तालुका पुढं फुटला, लोहारा वेगळा झाला. तेव्हा गाव आज कुठंही असलं तरी जुना फेरफार आणि 1978 च्या खरेदीखताची नक्कल उमरग्यातही शोधा.

फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करावं असं तुम्हाला कोणीतरी सुचवेल. त्याची मुदत 60 दिवसांची. तीस वर्षांचा विलंब माफ करून घेण्यात दोन वर्षं जातील, आणि शेवटी महसूल अधिकारी म्हणतील, "मालकी ठरवायला दिवाणीत जा." सरळ वाटणीचाच दावा लावा. तो जमीन जिथं आहे त्या भागातल्या दिवाणी न्यायालयात लागेल, सोलापुरात नाही. पुढं उच्च न्यायालयात गेलाच तर छत्रपती संभाजीनगरला. आपल्या सोलापूरची प्रकरणं 2025 पासून कोल्हापूरला जातात म्हणून गल्लत करू नका. स्त्रियांना मालमत्तेच्या दाव्यात आपल्या राज्यात 1994 पासून कोर्ट फी माफ आहे, हे वकिलाला आठवण करून द्या. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळू शकतो, स्त्री असणं एवढी पात्रता पुरते.

दाव्यात आत्याला घालावंच लागेल, तिचेही 60 गुंठे आहेत. दावा लावायच्या आधी एकदा तिच्याकडं जाऊन या, नोटिशीचं पाकीट तिला पोस्टानं पहिल्यांदा दिसू नये. ती गप्प आहे ती भावाला घाबरून की माहेर तुटू नये म्हणून, हे फोनवर कळणार नाही. तिनं नोंदणीकृत हक्कसोड करून दिलं असेल तर तेही तेव्हाच समजेल. दावा दाखल झाला की त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडं नोंदवून घ्या. आपल्याकडं ती नोंदवली नसेल, तर मधल्या काळात रान घेणारा "मला दावा माहीत नव्हता" म्हणून सुटू पाहतो.

चुलत्यांनी तीस वर्षं ते रान कसलं, विहीर पाडली असेल, बांध घातले असतील. वाटणीत न्यायालय शक्यतो विहिरीकडचा तुकडा त्यांना देईल, आणि ते रास्तही आहे. तुम्ही तिथं अडू नका. त्या रात्री त्यांचंही सगळं घर गेलं होतं.

आईला वडिलांबद्दल लगेच विचारू नका. आधी मामांना विचारा : कोणत्या दवाखान्यात, किती दिवस, नावनोंदणी कोणी केली. मग महापालिकेत 30 सप्टेंबर ते ऑक्टोबर 1993 अखेरपर्यंतचं रजिस्टर शोधायला अर्ज द्या. त्या आठवड्यात नावं घाईत लिहिली गेली, आडनाव चुकलं असेल, वय अंदाजे असेल. नावावरून सापडलं नाही तर पत्त्याच्या रकान्यात गावाचं नाव बघा.