जुन्या ग्रुप फोटोत पणजोबांशेजारी बसलेला मेडलवाला माणूस कोण, हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या ट्रंकेत जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो सापडला, घराणं साताऱ्याकडचं, पणजोबा-पणजी ओळखू येतात पण शेजारचा फेटेवाला, छातीवर दोन मेडल आणि मांडीवर डोकं भादरलेलं पोर, हा कोण ते घरात कुणालाच सांगता येत नाही आणि वंशावळीतही बसत नाही. मला वाटतं वंशावळीत बसत नाही हाच मोठा धागा आहे. आपल्या वंशावळी म्हणजे बाप-लेक-नातू, त्यात बायकांच्या माहेरचं कुणी नसतंच, त्यामुळे फोटोतला "अनोळखी" बऱ्याचदा पणजीकडचा निघतो. त्यात डोकं भादरलेलं पोर मांडीवर म्हणजे सरळ जावळ वाटतंय, आणि जावळाला मांडीवर घेऊन बसायचा मान कुणाचा, मामाचा! म्हणजे हा पणजीचा भाऊ असण्याची शक्यता जास्त. सख्खाच असेल असं नाही, सख्खा नसला तर चुलत मामाही बसतो.

आता ते पोर कोण ते ठरवा. आजोबा किंवा त्यांच्या भावंडांपैकीच कुणीतरी असणार. जिथे शिकले त्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरला जन्मतारीख मिळते (जून महिन्यातली असली तर फार विश्वास ठेवू नका, मास्तर शाळेत नाव घालताना अंदाजाने टाकायचे), आणि जावळ पहिल्या नाहीतर तिसऱ्या वर्षी, म्हणजे फोटोचं साल दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात येतं.

मग ते साल मेडलशी ताडून बघा. फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, पुठ्ठ्याची मागची बाजूपण करा, तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, आणि फोटो पुठ्ठ्यावरून सोलायला अजिबात जाऊ नका. एआयने चेहरा चकचकीत करणारी ॲप्सपण नकोत, ती मेडलच्या जागी स्वतःच्या मनाने काहीतरी रंगवून देतात. दोन्ही मेडलं गोल असतील तर बहुतेक पहिल्या महायुद्धाची जोडी, वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल, ही 1919 नंतरच दिली गेली, म्हणजे ती जोडी असेल तर फोटो त्याच्या आधीचा असूच शकत नाही. सहा टोकांची चांदणी दिसली तर मात्र दुसरं महायुद्ध. आणि पणजीच्या माहेरी कुणाच्या कपाटात पहिल्या महायुद्धाचं खरं मेडल अजून असेल तर काम फत्ते, कारण त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. 103, 110, 117 मराठा वगैरे नंबर असेल तर जुनी पलटण समजायची, 1922 ला सगळ्यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. अर्थात वॉर मेडल चांदीचं, त्यामुळे कित्येक घरांनी अडीअडचणीला मोडून खाल्लंय.

बायकांच्या कपाळाकडेपण बघा. जुन्या काचेच्या प्लेटला लाल रंग दिसायचाच नाही, त्यामुळे कुंकू काळं येतं आणि लाल लुगडंही काळं येतं, पणजीने काळं कसं नेसलं म्हणून गोंधळू नका. कुणा म्हातारीचं कपाळ रिकामं असेल तर तिचा नवरा फोटोच्या आधी गेलेला, हाही हिशोबाला उपयोगी.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवायचा तर एकेकट्याला दाखवा आणि नाव सुचवू नका. चौघांत एकाने "अरे हे तर तात्या" म्हटलं की बाकीचे माना डोलावतात, मग ते तात्या तिथून हलत नाहीत. त्यापेक्षा हे घर कुणाचं म्हणून विचारा. आमच्या आत्याला आमच्या फोटोतला एक माणूस ओळखता आला नाही, पण मागचं जोतं आणि दाराशेजारचा कोनाडा बघून पटकन म्हणाली, हे आपलं घर नाहीच, हे आज्जीच्या माहेरचं. तिथून पुढे सगळं सुटत गेलं.

कागदांचं म्हणाल तर पणजीच्या माहेरच्या गावचे जुने फेरफार (जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदी) काढा. वारसनोंदीत भावाभावांची नावं ओळीने असतात, आणि तिचे वडील 1956 नंतर वारले असतील तर मुलींचीही नावं येतात, कधी हक्कसोडपत्र असतं त्यात तर सगळी भावंडं एकाच कागदावर. फार जुनं असेल तर मोडीत असणार, वाचणारा गाठावा लागेल. आणि हेळवी! नंदी घेऊन घराण्याची पिढीवार नावं सांगत येतात ते, पण तुमच्या गावाला येणारा नको, पणजीच्या गावाला येणारा पाहिजे.

पणजीचं माहेर कुठलं ते लिहिलं नाहीत तुम्ही. कोरेगाव-खटाव बाजूचं असेल तर सांगा, तिकडे आमचे पाहुणे आहेत, हेळवी कोण येतो ते विचारून कळवतो.