समान पात्रता, दोन वेतनश्रेण्या

प्रश्न : अमेरिकेतील कृष्णवर्णीय कामगारांचे वेतन गोऱ्या कामगारांपेक्षा कमी असते आणि त्याचे कारण शिक्षणातील तफावत हे आहे, असे वाचनात आले. वेतन ठरवण्यात वर्णभेदाचा थेट हात होता का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : होता, आणि तो सरकारी कागदावर होता. व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोक शहरात शिक्षकांसाठी वर्णानुसार दोन वेतनश्रेण्या होत्या. मेल्विन ऑल्स्टन या कृष्णवर्णीय शिक्षकांना वर्षाला ९२१ डॉलर मिळत, तर तीच पात्रता असलेल्या आणि तेच काम करणाऱ्या गोऱ्या शिक्षकाला १,२०० डॉलर. त्यांच्याआधी अ‍ॅलाइन ब्लॅक या शिक्षिकेने न्यायालयात दाद मागितली, तेव्हा शाळा मंडळाने त्यांना पुढील वर्षाची नेमणूकच नाकारली. अखेर १९४० मध्ये अपील न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवला. ऑल्स्टन आणि गोऱ्या शिक्षकाची पात्रता सारखीच असल्याने तफावतीची सबब येथे लागूच पडत नाही.

मात्र एकाच कामाला दोन दर लावणे हा या अन्यायाचा लहान भाग होता. खरी दरी पडली ती कोणाला कोणत्या कामावर घ्यायचे, या निर्णयामुळे. दक्षिण कॅरोलिना राज्याने १९१५ मध्ये कायदाच केला, की कापडगिरणीत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या कामगारांनी एका खोलीत काम करता कामा नये. परिणामी यंत्रावरची कामे गोऱ्यांकडे राहिली आणि कृष्णवर्णीयांच्या वाट्याला झाडलोट व आवारातील हमाली आली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतील भेदभावाला बंदी केल्यावर याच गिरण्यांत कृष्णवर्णीय कामगारांची संख्या झपाट्याने वाढली. एवढ्या अल्पावधीत त्यांचे शिक्षण काही बदलले नव्हते, बदलली होती ती भरतीची रीत. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे सर्वांत बळकट उत्तर हेच आहे.

वर्णाचा उल्लेखही न करणारे कायदे तितकेच घातक ठरले. १९३८ च्या किमान वेतन कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले, आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय मोठ्या प्रमाणावर हीच कामे करत. १९६६ च्या दुरुस्तीने शेती, हॉटेले, रुग्णालये, धुलाई केंद्रे अशा क्षेत्रांतील अनेक कामगारांना संरक्षण मिळाले. त्यानंतरच्या काही वर्षांत वेतनातील दरी जेवढी कमी झाली, त्यातला पाचव्या हिश्शाहून अधिक वाटा या एका दुरुस्तीचा होता, असा अलीकडील अर्थशास्त्रीय संशोधनाचा निष्कर्ष आहे.

शाळांच्या दर्जातील फरकाचा परिणाम झालाच नाही, असे मी म्हणणार नाही; पण त्या शाळाही वर्णानुसार विभागलेल्या होत्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळांवर खर्च कमी होई. आजही पूर्णवेळ काम करणाऱ्या कृष्णवर्णीयांचे मध्यक साप्ताहिक वेतन गोऱ्यांच्या सुमारे ८० टक्के आहे, आणि पदवीधरांची तुलना पदवीधरांशीच केली तरी ही दरी मिटत नाही.