वाचकांचे प्रश्न : स्मरणिकेत सरांविषयी काय लिहावे?

प्रश्न : आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मला माझ्या शिक्षकांविषयी लिहायचे आहे, परंतु ‘प्रेमळ’, ‘शिस्तप्रिय’, ‘पोटच्या मुलासारखी माया करणारे’ यापलीकडे काही सुचत नाही. काय करावे? – एक माजी विद्यार्थी, कराड

उत्तर : ही विशेषणे खोटी नाहीत, पण ती कोणत्याही शिक्षकांना लागू पडतात, त्यामुळे तुमचे सर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत. सरांची एखादीच कृती घ्या आणि ती बारकाव्यांसह सांगा.

तुमच्या जिल्ह्यातलेच उदाहरण देतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या ज्या शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाले, ती आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते. तेथील आंबेडकर आडनावाच्या मास्तरांची जी आठवण त्यांनी पुढे सांगितली, ती भाजीभाकरीची आहे. मधल्या सुट्टीत हा मुलगा जेवायला घरी पळतो, हे मास्तरांना पसंत नव्हते, म्हणून ते स्वतःच्या शिदोरीतली भाजीभाकरी त्याला देत. शिवाशीव होऊ नये याची खबरदारी मास्तर घेतच, आणि त्याच काळात वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागत असे, हेही बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. तरीही त्या भाकरीची गोडी त्यांच्या आठवणीत उणावली नाही. मला ही आठवण फार मोलाची वाटते, कारण तिच्यात माया आणि त्या काळाचा अन्याय दोन्ही जसेच्या तसे आहेत. तेव्हा तुमच्या आठवणीत काही कडू असेल, तर तेही गाळू नका.

आमच्या मराठीच्या बाई निबंधात चुकलेल्या शब्दावर कधी काट मारत नसत. त्याखाली बारीक टिंबे देऊन समासात बरोबर शब्द स्वच्छ अक्षरांत लिहीत, आणि अख्ख्या वर्गाच्या वह्या कापडी पिशवीत घालून घरी नेत. त्यांच्या स्वभावाविषयी मला वेगळे काही सांगावे लागत नाही.

लिहिण्यापूर्वी शाळेचे जनरल रजिस्टर आणि वर्गाचा जुना फोटो जरूर पाहा, कारण वर्ष, तुकडी आणि नावे यांत स्मरण हमखास दगा देते. सर हयात असतील, तर मजकूर छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवा. राहिलेल्या चुका ते आनंदाने दुरुस्त करून देतील.