नोकरीसाठी जर्मनीला चाललोय. तिथे बस्तान बसवताना सगळ्यात जड काय जातं?

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांत श्टुटगार्टला रुजू व्हायचंय, जर्मन जेमतेम ए1 (भाषेची सगळ्यात पहिली पातळी) पर्यंत झालंय, आणि भाषा, थंडी, एकटेपणा यांतलं काय जास्त छळेल ते आधीच कळावं. मी 2019 पासून याच शहरात आहे. मला यांतलं काहीच तितकं जड गेलं नाही. जड गेली ती टपालपेटी.

चेष्टा करत नाहीये. इथल्या पत्त्यात सहसा फ्लॅटचा नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि नाव, बस. खाली पेट्यांची रांग असते आणि पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर त्याच्या लेखी तुम्ही तिथे राहतच नाही, पत्र आल्या पावली परत. मी पहिल्यांदा एका बाईंकडे खोली घेऊन राहिले. पेटीवर त्यांचं नाव होतं आणि माझंही लागतं हे मला कोणी सांगितलं नाही. माझा करक्रमांक, म्हणजे श्टॉयर-आयडी, पोस्टाने येतो. तो परत गेला. करक्रमांक नाही म्हणून पहिल्या पगारावर कराच्या सहाव्या वर्गाने कर कापला. हा वर्ग खरं तर दुसऱ्या नोकरीसाठी असतो, त्यात सवलत जवळजवळ काहीच नाही. पगाराची स्लिप बघून मला वाटलं कंपनीने फसवलं. पैसे नंतर परत मिळाले, पण तो महिना हात आखडूनच काढला.

म्हणून घरात शिरल्या दिवशी चिठ्ठीवर आडनाव लिहून पेटीला आणि बेलला चिकटवा. सुबक पाटी नंतर होईल.

बाकीची कागदपत्रं एकमेकांच्या शेपट्या धरून येतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्त्याची नोंद करायची, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला दाखला लागतो. तो द्यायला खळखळ करणारी खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, कारण नोंद नाही तर करक्रमांक नाही, आणि निवास परवान्याचं घोडंही तिथेच अडतं. मोठ्या शहरात पालिकेची वेळ पटकन मिळत नाही, म्हणून घराचं पक्कं होताच ती घेऊन ठेवा.

घराबद्दल दोनच गोष्टी. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असते, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. दुसरं, रिकामं घर म्हणजे इथे खरोखर रिकामं. बऱ्याचदा स्वयंपाकघरात ओटा नाही, सिंक नाही, छतातून नुसत्या वायरी लोंबताहेत. मी पहिलं स्वतंत्र घर बघायला गेले तेव्हा काम अर्धवट राहिलंय असं समजून 'पूर्ण कधी होणार' असं विचारून आले होते.

आता पत्रं येऊ लागतील. नोंद झाल्यावर रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र हमखास येतं. महिना 18.36 युरो, घरात टीव्ही असो वा नसो. ही वर्गणी माणशी नाही, घरटी आहे, त्यामुळे चौघे मिळून राहत असाल तर एकानेच भरायची. पिवळा लिफाफा आला तर मात्र चहा बाजूला ठेवा. तो कोर्टाकडून किंवा सरकारी कचेरीतून येतो, पोस्टमन त्यावर तारीख घालतो, आणि मुदत त्या तारखेपासून मोजतात. तुम्ही तो कधी फोडलात याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. जर्मन कळत नाही म्हणून पत्रं ड्रॉवरमध्ये साठवणारे हुशार लोक मी पाहिलेत. मोबाइलने फोटो काढून भाषांतर करा, पण त्याच दिवशी करा.

कामाच्या ठिकाणी माझी गोची वेगळीच झाली. दुसऱ्याच आठवड्यात मीटिंगमध्ये एक काम माझ्याकडे आलं आणि सवयीने मी म्हणाले, हो, होईल. आपल्याकडे 'होईल' म्हणजे 'बघते' असतं, कधीकधी 'नाही'सुद्धा असतं. समोरच्या सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, कुठल्या दिवशी? मी तोंडाला आला तो वार सांगितला. त्याने तो लिहून घेतला आणि पुढचं सगळं वेळापत्रक त्यावर बांधलं. त्या दिवशी काम झालं नाही तेव्हा कोणी ओरडलं नाही, पण 'जमणार नव्हतं तर तेव्हाच का नाही सांगितलं' हा प्रश्न त्याने चौघांसमोर विचारला. मला अपमान वाटला. त्याला खरंच उत्तर हवं होतं, इतकंच. पहिले सहा महिने बहुधा प्रोबेशन असतं आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. त्या काळात स्पष्ट 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही, पण गोलमोल 'हो'ने जास्त नुकसान होतं.

उलट आजारी असाल तर घरी राहा. ताप अंगावर काढून ऑफिसला आलात तर कौतुक नाही, लोक लांब सरकतात. सकाळीच कळवायचं आणि लागेल तेव्हा डॉक्टरचा दाखला घ्यायचा. नोकरीला चार आठवडे झाले की आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो.

भाषेचं म्हणाल तर ऑफिसात इंग्रजीवर निभेल, आणि तोच सापळा आहे. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना) असेल तर बी1, म्हणजे ए1 च्या दोन पायऱ्या वरच्या, परीक्षेवर 21 महिन्यांत कायम निवासाचा अर्ज करता येतो, नुसत्या ए1 वर 27 महिने लागतात. पण माझं जर्मन क्लासपेक्षा जिन्यात जास्त सुधारलं. या भागात केअरवोखे नावाचा प्रकार अजून बऱ्याच इमारतींत आहे. जिना झाडण्याची पाळी आली की दाराला पाटी लटकते आणि तो आठवडा तुमचा. माझ्या पहिल्या पाळीला वरच्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाल्या, कोपरा राहिलाय. मी पुन्हा झाडला. त्या पायरीवर उभ्या राहून बघत होत्या, मग झाडूला जर्मनमध्ये काय म्हणतात ते त्यांनी मला तीनदा म्हणायला लावलं.

हल्ली त्या लेकीकडे गेल्या की त्यांच्या टपालपेटीची किल्ली माझ्याकडे असते.