शेजाऱ्याने शिकार केलेल्या फेझंटची (कोंबडीच्या कुळातला रानपक्षी) जोडी दिली आहे. आपल्या पद्धतीने कशी शिजवावी? उग्र वास कसा घालवावा?

वास घालवायचाच असेल तर जोडी परत करा आणि ब्रॉयलर आणा. स्पष्ट बोलतो, कारण या विषयावर माझं घरात एक जुनं भांडण आहे.

मी इंग्लंडमध्ये, यॉर्कशरला राहतो. इथे १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी हा फेझंटचा हंगाम, त्यामुळे नाताळात घरी एखादी जोडी येतेच. एका नाताळात कराडहून साडू आले होते. त्यांचे आजोबा शिकारी, लहानपणी घरात तित्तर-लाव्हे शिजलेले, तेव्हा त्यांच्यापुढे आम्ही काय बोलणार! "रानातल्या पक्ष्याला कुकरच लागतो," म्हणत त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. दोन्ही पक्ष्यांचे सरसकट तुकडे, दही, आलं-लसूण, कांदा-लसूण मसाला मूठभर, आणि सहा शिट्ट्या. मी दोनदा म्हटलं, छातीचं मांस वेगळं काढू. "तुम्ही आयटीवाले," एवढंच उत्तर मिळालं.

ताटात काय आलं? छातीचा भुस्सा आणि तंगडीत तारेसारख्या शिरा. वर सासूबाईंच्या दाढेखाली छर्रा आला. साडूंचा निकाल तयार होता: "पक्षी म्हातारा होता." साफ खोटं. नराच्या पायामागचा काटा आखूड आणि बोथट असेल तर पक्षी कोवळा, लांब आणि टोकदार असेल तर जून. मी पाय कचऱ्यातून काढून दाखवले. काटे बोथट होते. त्यावर बायकोने मला आत बोलावलं.

मुद्दा असा की फेझंट उडण्यापेक्षा पळतो जास्त. तंगड्या राबलेल्या आणि शिरांच्या, छाती मात्र बिनचरबीची. दोघांना एकच वेळ देणं हा अडाणीपणा आहे. छाती कातडीसकट काढा, मीठ-हळद-मिरी लावून लोण्यावर मध्यम आचेवर परता, आत शिजली की लगेच उतरवा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. तंगड्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर दीड-दोन तास. मसाला हात राखून. हाडांचं अळणी (बिनमसाल्याचं पाणी) काढून पांढरा रस्सा केलात तर ब्रॉयलरच्या रश्श्याला पुन्हा हात लावणार नाही.

उग्रपणा मुख्यतः पक्षी मारल्यावर मुरायला किती दिवस टांगून ठेवला त्यावर ठरतो. शेजाऱ्याला तेवढं विचारा. जास्त मुरलेला नको असेल तर पुढच्या वेळी ताजाच मागा. आणि 'रानटी' म्हणून फार बिचकू नका. इथे दरवर्षी कोट्यवधी फेझंट पिंजऱ्यात वाढवून उन्हाळ्यात रानात सोडतात. साडूंना हे सांगितलं तेव्हा त्यांचा जो चेहरा झाला तो मी विसरणार नाही.

हो, हे आधीच सांगायला हवं होतं: छऱ्याची भोकं बोटाने चाचपा, आत ओढली गेलेली पिसं चिमट्याने काढा. छर्रे बहुधा शिशाचे असतात, आजूबाजूचं काळवंडलेलं मांस कापून टाका. लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर त्यांना वारंवार देऊ नका. भारतातून कोणी वाचत असेल तर तित्तर, लाव्हा, रानकोंबडा यांच्या वाटेला जाऊ नका, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. फार्मवरची जपानी बटेर आणा. ती इवलीशी असते, तिला छाती-तंगडी वेगळी करायची गरज नाही. अख्खीच परता.

कुकर वापरायचाच असेल तर फक्त तंगड्यांना. साडूंनाही मी तेवढी सूट दिली आहे, ते घेत नाहीत.